तांब्यात बघणारे अण्णा

अण्णा तांब्यात बघून मशीनचं दुखणं सांगायचे. पितळेचा, पोटाला पोचा आलेला तो तांब्या कधीकाळी त्यांच्या देवघरातला असावा, पण त्यातून पाणी पिताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी आले की टाकीतलं दुधाळ कूलंट ते त्यात अर्धं भरून घ्यायचे, मनगटाला एक झोक देऊन गरागरा फिरवायचे आणि खाली ठेवून वाट बघायचे. फिरणं थांबलं की तळाच्या मधोमध चुऱ्याचा लहानसा ढीग जमलेला असे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्यांनी तो ढीग बोटांवर चोळला आणि म्हणाले, "चार नंबरचं व्हील सुटतंय." चार नंबरच्या मशीनवरचा कारागीर हसला. जेवणाच्या सुट्टीच्या आत ते घासायचं दगडी व्हील थरथरायला लागलं आणि त्यानं मुकाट्यानं ते बदलायला घेतलं. मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आले होते. त्या दिवशी ती पर्समध्येच ठेवलेली बरी असं वाटलं.

हा कारखाना बेंगळूरात, यशवंतपूरच्या पुढे होता. तिथे बेअरिंगच्या पोलादी कड्या घासून आरशासारख्या करत. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी साताऱ्याहून आलेली, क्वालिटी विभागातली शिकाऊ, आणि मशीनांमध्ये वावरणारी पहिलीच मुलगी. सहा ग्राइंडिंग मशीनं एका ओळीत, आणि सहाही मशीनांना गार ठेवणारं कूलंट एकाच टाकीतून यायचं, कड्यांवरून वाहून चुरा घेऊन परत टाकीत जायचं. वाटेत त्याला अण्णांच्या मॅग्नेटिक सेपरेटरमधून जावं लागे. लोहचुंबक बसवलेलं एक पिंप कूलंटमध्ये संथ फिरायचं, लोखंडाचा चुरा त्याला चिकटून वर यायचा आणि पत्र्याची एक पट्टी तो खरवडून बादलीत पाडायची. कूलंट स्वच्छ होऊन पुन्हा कामाला. या यंत्रापायी सगळे त्यांना गाळअण्णा म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. "आमचे लोक तीनशे वर्षांमागे फौजेबरोबर आले," ते सांगत. "फौज गेली पुढे. आम्ही इथे खाली बसलो. गाळच की आम्ही." त्यांच्या मराठीत कानडी साखरेसारखं विरघळलेलं होतं. माझं मराठी ऐकून ते गालात हसायचे आणि मी त्यांचं ऐकून. वयानं वडिलांएवढे, पण मला अक्का म्हणत आणि अहो-जाहो करत. कुणी घाई केली की मात्र त्यांचा चेहरा कडू व्हायचा. "स्वल्प थांबा. पाण्याला तुमची घाई कळत नाही," एवढं बोलून ते पुन्हा तांब्यात बघत बसायचे. मॅनेजरसुद्धा अशा वेळी उभे राहत.

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा होते, पण बेंगळूरच्या कारखान्यातली आयुधपूजा पाहून मी चाट पडले. मशीनं धुऊन पुसून, विभूती-कुंकू लावून, दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधून अशी सजली होती की त्यांच्यावर उद्या काम करायचं हे खरं वाटेना. मलाही चेव आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मशीनच्या मधल्या फरशीवर मी चांगला सहा हात लांबीचा गालिचा काढला, रंगीत वाळूची रांगोळी भरून. इकडे ठिपक्यांची पांढरी रांगोळी काढतात. माझे रंग बघायला पलीकडच्या शेडमधली माणसं आली. तिसऱ्या मशीनवरचा मुनियप्पा तर आपल्या बायकोला घेऊन आला. मी दोन दिवस हवेत होते.

सुट्टीनंतर सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. पूजेची रांगोळी पायदळी येऊ नये, केरातही जाऊ नये, ती वाहत्या पाण्यात सोडावी, ही आईची शिकवण. फरशीत मशीनांच्या मधून एक पन्हळ गेली होती. मी चार बादल्या पाणी ओतून सगळी रांगोळी श्रद्धेनं त्या पन्हळीत सोडली. ती पन्हळ गटाराला जात नव्हती, कूलंटच्या टाकीला जात होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुपारपासून कड्यांवर ओरखडे येऊ लागले. केसासारखे बारीक, पण भिंगातून शेतातल्या नांगरटीसारखे दिसत. दोन दिवसांत ढीगभर कड्या बाद झाल्या आणि त्या बाद करणारी मीच. सर्वांत जास्त ओरखडे तिसऱ्या मशीनवर होते. मुनियप्पाचं आणि मॅनेजरचं महिनाभर बिनसलेलं होतं. त्यानंच सूड म्हणून टाकीत काहीतरी टाकलं असं मॅनेजरनी मनाशी धरलं आणि त्याला कामावरून काढायचं पत्र टाइप करायला दिलं. मुनियप्पाला तीन मुली होत्या. तो मशीनपाशी उभा राहून नुसता हात पुसत होता.

अण्णांनी तांब्या भरला. मॅनेजर, मुनियप्पा आणि मी भोवती. तळाशी जमलेला ढीग त्यांनी कागदावर घेतला आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवला. काळा चुरा त्याच्या मागे धावत गेला. मागे थोडे कण राहिले, जागचे न हललेले.

"हे लोखंड नाही. व्हीलचं पण नाही," अण्णा म्हणाले. "वाळू आहे म्हणून दिसतंय. त्यातच आमचं पिंप हरलं." मग त्यांनी तो कागद उजेडात धरला. एका कणाच्या खाचेत अजून गुलाबी रंग होता. तो त्यांनी पाहिला, मी पाहिला, आणि मी पाहिला हेही त्यांनी पाहिलं.

"कुणी टाकली?" मॅनेजरनी विचारलं.

"उद्या सकाळी सांगतो. तोवर ते पत्र तुमच्या टेबलावर राहू दे."

मॅनेजर गेले. कागदाची पुडी खिशात ठेवत अण्णा मला म्हणाले, "फिरवलेलं पाणी आहे, अक्का. स्वल्प वेळ द्यावा लागतो. मी थांबतो." ना दटावणी, ना डोळे मोठे करणं. ओरडले असते तर मी बहुधा खोटं बोलले असते.

माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मुलीला इथे घेऊ नका असं म्हणणारे चारजण होतेच. तरी सकाळी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि पन्हळ, बादल्या, आईची शिकवण, सगळं सांगितलं. अण्णा दाराशी उभे होते. मॅनेजर लालबुंद झाले. ते बोलायच्या आत अण्णा आत आले. "अक्कांनी पाण्यात सोडली हे खरं. पण पाण्यातून जे काढायचं ते काढणं हे माझं काम. लोखंड नाही ते माझं पिंप धरत नाही, हे मला वीस वर्षं माहीत आहे. पत्र द्यायचं तर दोघांना द्या." मॅनेजरनी टेबलावरचं मुनियप्पाचं पत्र फाडलं. माझी शिकाऊ म्हणून मुदत सहा महिन्यांनी वाढवली, आणि ती मी आनंदानं पत्करली.

मुनियप्पाची मी माफी मागितली. त्यानं नुसती मान हलवली. पुढे वर्षभर तो कामापुरतंच बोलायचा. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

त्या आठवड्यात अण्णांनी पत्र्याचा एक उभा शंकू करून घेतला, टोक खाली. कूलंट वरच्या कडेनं तिरकं आत सोडायचं. ते भिंतीलगत इतक्या वेगानं फिरायचं की जे जड असेल ते, लोखंड असो की वाळू, भिंतीला जाऊन खाली टोकातून पडायचं, आणि स्वच्छ कूलंट मधून वर निघायचं. आत फिरणारा एकही भाग नाही, चुंबक नाही, जाळी नाही. टोकाखाली ठेवलेल्या वाटीत माझी रांगोळी कणाकणानं येऊन पडत होती आणि मी जमिनीवर बसून बघत होते. अण्णांच्या खांद्यावरून मॅनेजरही बघत होते. "सरी," म्हणजे ठीक, असं शेवटी अण्णाच म्हणाले, आणि हात धुवायला गेले. पुस्तकात मी हे यंत्र गणितासकट शिकले होते. ते काय करतं हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचा दसरा अण्णांचा कारखान्यातला शेवटचा. नोव्हेंबरात ते निवृत्त होणार होते, आणि नंतर म्हैसूरकडे मुलाकडे गेले ते मला पुन्हा भेटले नाहीत. त्या आयुधपूजेला मी कोपऱ्यात उभी राहून केळीचे खांब बांधायला मदत करत होते. फरशीकडे बघायचंच नाही असं ठरवून आले होते. तेवढ्यात अण्णांनी हाक मारली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मशीनच्या मध्ये पन्हळीवर रबराची चादर पसरलेली होती, कडा विटांनी दाबून. जवळच कोरडा कुंचा आणि सुपली ठेवलेली.

"झाल्यावर भरून बाहेर न्यायची. तळं आहे, तिथे सोडा," अण्णा म्हणाले.

"मी रांगोळी आणलेली नाही, अण्णा."

त्यांनी बोट दाखवलं. मुनियप्पा मल्लेश्वरमच्या बाजारातून आला होता. त्याच्या मागे बायको आणि तिन्ही मुली. त्यानं पिशवी माझ्यापुढे ठेवली. सगळे रंग होते.

"मुलींना शिकव," तो म्हणाला.