खिद्रापूरच्या उंबऱ्यावर बिनआरशाचा कॅमेरा

नाशिकहून निघताना नवऱ्यानं माझी बॅग उचलून पाहिली आणि विचारलं, "दोन दिवसांसाठी चाललीयेस की बिऱ्हाड हलवतेयस?" बॅगेत कपडे जेमतेम होते. बाकी कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्या, चार्जर आणि पुसायची फडकी. माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर काउंटरमागे उभी असते, पण जीव सगळा या कॅमेऱ्यात. आणि मी निघाले होते कोल्हापूरला, अशा दोन माणसांना भेटायला, ज्यांच्याशी कित्येक वर्षं रोज भांडत आले होते आणि ज्यांना एकदाही पाहिलं नव्हतं.

आमचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे, नाव 'बिनआरशाचे'. जुन्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असायचा. लेन्समधून आलेलं दृश्य त्या आरशावरून आपल्या डोळ्यापर्यंत जसंच्या तसं पोचायचं. मिररलेस कॅमेऱ्यात तो आरसा नाही. डोळा लावायच्या जागी आत एक चिमुकला पडदा असतो आणि फोटो कसा येणार आहे ते बटण दाबायच्या आधीच त्यावर दिसतं. इथपर्यंत ग्रुपवर सगळ्यांचं एकमत आहे. पुढे कुठल्या कंपनीचा कॅमेरा चांगला, हा विषय निघाला की माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी होतात. म्हणून कंपन्यांची नावं घ्यायला ग्रुपवर बंदी आहे. गळ्यातल्या पट्ट्याच्या रंगावरून आम्ही पिवळे, लाल आणि केशरी. बंदीचा उपयोग शून्य, भांडणं आता रंगांवरून होतात.

कोल्हापूरच्या स्टँडवर सकाळी उतरले तर एक उंच, दणकट गृहस्थ लांबूनच हात हलवत होते. गळ्यात पिवळा पट्टा. हे रणजित. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं यांचं दुकान आहे आणि आवाज ट्रॅक्टरवरूनही ऐकू जावा असा आहे. शेजारी सोलापूरचे निसारभाई, चष्म्याचे दुकानदार, अंगानं बारीक, बोलणं हळू, पट्टा लाल.

"ताई, केशरी पट्टा बघितला आणि वळखलं," रणजित म्हणाले. "झोप झाली का न्हाय? न्हाय झाली तरी चला. उजेड काय आपल्यासाठी थांबत न्हाय."

त्यांनी आम्हाला थेट दुधाच्या कट्ट्यावर नेलं. कोल्हापुरात ही एक न्यारीच रीत आहे. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईक समोर उभं असतं, आणि धार सरळ पेल्यात पडते. मध्ये पातेलं नाही, चूल नाही. पेला हातात आला तेव्हा तो कोमट होता आणि वर बोटभर फेस. पहिला घोट घेतला आणि गाडीतली जागरणाची सगळी किरकिर उतरली. दुधाला एवढी चव असते हे मला या वयात कळलं.

निसारभाई फेसाचा फोटो घ्यायला खाली वाकले आणि म्हशीनं शेपटीचा फटका त्यांच्या टोपीवर दिला. टोपी शेणात. तिघांनी एकाच म्हशीचे फोटो काढले आणि तिथंच फळीवर बसून पडदे शेजारी शेजारी धरले. माझी म्हैस निळसर आली होती, निसारभाईंची तांबूस, रणजितची कुळकुळीत काळी. मग सुरू झालं. माझ्या कॅमेऱ्याचा मेन्यू म्हणजे सरकारी कचेरी, कुठलं काम कुठल्या खिडकीत ते कुणालाच माहीत नाही. लालवाल्यांच्या फोटोत सगळी माणसं नुकती अंघोळ करून आल्यासारखी गुलाबी. पिवळ्यांच्या सावल्या सुंदर, पण बॅटरी दुपारपर्यंत टिकेल तर शपथ. दूधवाले मामा बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी आमच्या तिन्ही पडद्यांत डोकावून पाहिलं.

"म्हस एकच हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग तिघास्नी तीन कशा दिसाय लागल्यात?"

आम्ही दुसरा पेला मागितला.

मग रणजितच्या गाडीतून खिद्रापूरकडे निघालो. थंडीचे दिवस होते, ऊसतोड जोरात होती. उसानं काठोकाठ भरलेल्या ट्रॉल्या झोकांड्या खात पुढे चालल्या होत्या आणि त्यांच्या मागे आमची गाडी रांगत होती. मध्येच गुऱ्हाळाचा (गूळ तयार करायच्या जागेचा) गोडसर धूर काचेतून आत यायचा. नृसिंहवाडीला उतरून संगमाच्या घाटावर थोडा वेळ बसलो. दत्ताच्या पादुकांना हात जोडले, बासुंदी खाल्ली, कवठाची बर्फी बांधून घेतली. तिथल्या पायरीवरून एका घराच्या भिंतीवरची रेघ दाखवून रणजित म्हणाले, "महापुराचं पाणी हितपत्तोर आलतं." रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. समोर कृष्णा एवढी शांत वाहत होती की माझा विश्वास बसेना.

खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बाहेरून बैठं वाटतं. तिवई (तीन पायांचं स्टँड) आत चालत नाही, असं तिथल्या रखवालदारानं सांगितलं, तेव्हा ती गाडीत ठेवून आलो. आणि स्वर्गमंडपात पाऊल टाकलं.

मी फोटो काढायला गेले होते, हे विसरले. काळ्या दगडाचे गोल खांब वर्तुळात उभे आहेत आणि वर छप्पर नाही, आकाशाचा गोल तुकडा आहे. बरोबर त्याच्या खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. त्या वेळी ऊन एका बाजूच्या खांबांवर उतरलं होतं आणि दगड आतून उजळल्यासारखा दिसत होता. कुणी माणसानं कधीतरी ठरवलं की इथं दगड घालायचा नाही, इथं आकाशच बसवायचं, आणि ते बसवलंही. माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणी आलं तेही सांगून टाकते. निसारभाई शेजारी उभे होते. ते "सुभानल्ला" एवढंच पुटपुटले.

रणजित मात्र शिळेजवळ उताणे झोपले होते. त्यांनी कॅमेरा कृष्णधवलवर टाकला होता आणि त्यात लाल काचेचा परिणाम लावला होता. लेन्सवर खरी लाल काच धरली असती तर जे झालं असतं ते कॅमेरा आपणच करतो. असं केलं की निळं आकाश काळंभोर येतं आणि पांढरे ढग उठून दिसतात. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या हत्तींपाशी पोचलो तेव्हाही ते त्याच नादात होते.

देवळासमोरच्या पारावर बसून आम्ही आपापले फोटो एकमेकांना दाखवत होतो, तेव्हा एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठी ओलांडलेली, नऊवारी, डोक्यावर पदर. जवळच त्यांचं घर होतं, जैन शेतकऱ्याचं, मागे ऊस आणि भाजीपाला. गावात सगळे त्यांना ताराक्का म्हणतात, हे पुढे समजलं.

"तम्मा (धाकट्या भावा)," त्या रणजितना म्हणाल्या, "तुमच्याकडं कसली कसली यंत्रं हायत. काचंला चिकटलेला फोटू सोडवून द्याल व्हय?"

आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी भिंतीवरची तसबीर काढून माझ्या हातात दिली. महापुरात घर बुडालं तेव्हा माणसं आणि म्हशी वरच्या गावाला गेल्या होत्या, भिंतीवरचं सगळं मागे राहिलं. पाणी ओसरल्यावर बघितलं तर फोटो काचेला घट्ट चिकटलेला. मालक (नवरा) वारलेले, त्यांचे दोनच फोटो होते. दुसरा मुलानं शहरात नेऊन सोडवायला दिला, तर कागद निघाला आणि चेहरा काचेवरच राहिला, तोही पुसट होऊन गेला. हा उरलेला. यात फेटा दिसत होता, कोटाची बटणं दिसत होती. चेहऱ्यावर मात्र गढूळ पाण्याचा पिवळट तपकिरी डाग पसरला होता, त्यामागं कोण आहे ते काही केल्या समजत नव्हतं.

रणजित आणि निसारभाई तसबीर उजेडात नेऊन बघत होते. ताराक्का माझ्याजवळ सरकल्या.

"कुणाला सांगितलं न्हाय बाई," त्या हळूच म्हणाल्या. "रोज ह्या फोटूला हात जोडत्ये. पर मला त्येंचं तोंड आठवंना झालंय. चालणं आठवतंय, खोकणं आठवतंय. तोंड काय केल्या येत न्हाय डोळ्याम्होरं."

दुकानात मी रोज माणसांची दुखणी ऐकते, पण या दुखण्यावर माझ्याकडे काय होतं?

"सोडवायचा नाही," निसारभाई ठामपणे म्हणाले. "कागदाला हात लावला की हाही जाईल. काचेवरूनच फोटो काढू." मग कुणाच्या कॅमेऱ्यानं, यावर दोन मिनिटं वाद झालाच. सावल्या सांभाळायच्या म्हणून पिवळा ठरला. गाडीतून तिवई आणली. तसबीर उंबऱ्याच्या आत टेकवून ठेवली, बाजूनं अंगणातला उजेड येत होता. पण काचेत आमचीच तोंडं दिसत होती. काचेतलं प्रतिबिंब मारायचं तर कॅमेऱ्याच्या मागे काळा पडदा लागतो. ताराक्कांनी ट्रंकेतून काळी चंद्रकळा साडी काढली. एक टोक निसारभाईंनी धरलं, दुसरं ताराक्कांच्या सुनेनं, आणि काचेतली तोंडं गेली.

रणजितनी डोळा लावला, मान वर करून तसबिरीकडे बघितलं आणि पुन्हा डोळा लावला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताई, बघा तुम्ही," ते म्हणाले.

मी पाहिलं. आत एक माणूस माझ्याकडे बघत होता. रुंद कपाळ, जाड भुवया, ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. डाग नव्हताच. मी तसबिरीकडे पाहिलं तर डाग जिथल्या तिथं होता. पुन्हा आत पाहिलं, माणूस.

रणजित देवळातून निघताना कॅमेरा रंगीतवर आणायला विसरले होते. कृष्णधवलचा छंद असलेल्या माणसाच्या हातून हमखास होणारी चूक, आणि ग्रुपवर यासाठी आम्ही एकमेकांची यथेच्छ टिंगल करतो. लाल काचेतून पिवळा डाग कागदासारखाच उजळ दिसतो, म्हणजे दिसेनासा होतो. निसारभाईंनी एका वाक्यात हे सांगितलं, रंगीत काचा विकणं हा त्यांचा धंदाच आहे. हे तिघांच्याही कॅमेऱ्यांना येतं, पण ते आमच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि आत आरसा असता तर डोळा लावायच्या भोकातून डागच दिसला असता.

ताराक्कांना मी हाताला धरून आणलं. कुठे डोळा लावायचा ते दाखवलं. त्यांनी एक डोळा हातानं झाकला आणि वाकल्या.

बाहेर ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाजही गेला.

"फेटा वाकडा हाय," ताराक्का म्हणाल्या. "कितींदा सांगितलतं, आरशात बघून बांधा म्हणून." मग बऱ्याच वेळानं, "भिवईवर वण हाय बघा. बैलानं शिंग मारलतं. आमचं लगीन नवंनवं हुतं. मीच हळद भरलती."

निसारभाई वर छताकडे बघत होते. रणजितनी, ज्यांचा आवाज अर्ध्या कोल्हापुराला ऐकू जातो, कुजबुजत विचारलं, "अक्का, बटन दाबू का? फोटू काढू?"

"थांब की वाईच," त्या म्हणाल्या. "काय घाई हाय."

आम्ही थांबलो. मी आजवर पुष्कळ बघितलं आहे, हिमालयातली पहाट बघितली आहे. पण भोकाला डोळा लावून वाकलेल्या त्या बाईकडे बघताना मला जसं वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं. त्या उठल्या तेव्हा चेहऱ्यावर भोकाच्या रबराचा गोल वळ उमटला होता आणि त्या हसत होत्या. मग रणजितनी बटण दाबलं. जेवल्याशिवाय ताराक्कांनी सोडलं नाही. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि वर ताक. आम्ही आणलेली कवठाची बर्फी त्यांनाच देऊन आलो.

नाशिकला आले, दुकान उघडलं. फोटोवर रणजितनी मेहनत घेतली, कडा नीट केल्या, मोठा छापून, चौकटीत बसवून स्वतः खिद्रापूरला देऊन आले. तिथून निघताना त्यांनी मला फोन केला.

"लावला भिंतीवर. सगळं घर खूश हाय," ते म्हणाले. "पर ताई, अक्का बराच येळ बघत बसल्या, आणि मला म्हणाल्या, हे झकास हाय तम्मा, पर हे गप हायत. त्या दिवशी यंत्रात हलत हुते. श्वास घेत हुते म्हणाल्या. आता काय सांगू त्यास्नी?"

त्या दिवशी ताराक्कांचं कपाळ कॅमेऱ्याला टेकलं होतं आणि त्यांच्या श्वासागणिक तिवई हलत होती, तिच्याबरोबर आतलं चित्रही. मी शेजारीच उभी होते, मला दिसत होतं. काउंटरसमोर गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करून उभं होतं, त्याला मी हातानंच थांब म्हटलं.

"घेत होते म्हणावं," मी म्हणाले. "आम्हीपण बघितलं."