कापूस दगड

पळस्प्याच्या खाणीत सुरुंग लावणारा म्हातारा होऊन मरत नाही, असं महादेव म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. सत्तावन्न साली त्याचा सख्खा भाऊ शिवा न उडालेला सुरुंग बघायला वाकला. उरला तेवढा गोणपाटात बांधून घरी आला. दुसऱ्या दिवशी मुकादमानं भावाचीच पहार महादेवच्या हातात दिली. मुकादमाला कुठलं सुतक!

त्या काळ्या फत्तरात कधी कधी पोकळी लागे. आत पांढरे गोळे, सावरीच्या कापसासारखे लुसलुशीत दिसणारे, पण दगडाचेच. खाणीतले लोक त्याला कापूस म्हणत आणि खडीबरोबर फोडून टाकत. मुंबईच्या कॉलेजातले दिनानाथ मास्तर मात्र त्यापायी वेडे झाले होते. त्यांनी महादेवला समजावलं, हा फत्तर एकेकाळी तापलेला रस होता, निवताना त्यात बुडबुडे राहिले, मग लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि आत हे फुललं. परदेशातले शौकीन असा गोळा काचेच्या कपाटात ठेवून नुसते बघत बसतात म्हणे. वीस वर्षं फत्तर फोडणाऱ्याला फत्तराचा जन्म पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. महादेवला ते फार आवडलं.

"एक अखंड गोळा आण," मास्तर म्हणाले. "आमच्या संग्रहालयाला दगड काढणारा माणूस हवाय. तुझं काम साहेबांना दाखवतो, नोकरी तुझीच. पण त्याला बोट लावू नकोस. त्याचे बारीक धागे दबून बसले की संपलं."

तीन महिन्यांनी गोळा सापडला. भोवतालचा दगड छिन्नीनं पोखरायला महादेवनं चार रविवार घातले. टोपलीत पेंढा घालून तो घरी आणला आणि बायकोला बजावलं, "भामे, याला हात लावू नको. यो मास्तरला पोचला का मी सुरुंगाला परत शिवनार नाय."

भामानं ऐकलं. पण ज्या वस्तूवर धन्याचा जीव टांगलेला, ती बिनपुजेची उंबऱ्याबाहेर कशी जाऊ द्यायची? त्या घरात नव्या पहारीलासुद्धा कुंकू लागायचं, आणि हा तर दगड. महादेव आंघोळीला गेला तसा तिनं तेलात शेंदूर कालवला. हात लावायचा नाही, म्हणून जास्वंदीच्या फुलानं लावला, अगदी मनापासून, सगळीकडून. वर पुन्हा पेंढा झाकला.

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर मास्तरांनी पेंढा बाजूला केला. केसांहून बारीक धागे तेलात चिकटून सपाट झाले होते.

"अरेरे, हे काय केलंस रे?"

महादेवनं बायकोचं नाव घेतलं नाही. "चूक जाली, मास्तर. दुसरा आनतो."

मास्तर शिकलेले, रागावले नाहीत. "आण, बघू," म्हणाले आणि गाडीत चढले. पावसाळ्याआधी ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मास्तर पुन्हा पळस्प्याला फिरकले नाहीत. सभ्य माणसांना विसरायला फार वेळ लागत नाही.

घरी महादेवनं एवढंच सांगितलं, "मास्तरला पसंत नाय परला." खरं सांगितलं असतं तर तिनं विहीर जवळ केली असती, याची त्याला खात्री होती. भामानं मास्तरच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि दगड देव्हाऱ्यात बसवला.

रोज सकाळी तो खाणीवर निघाला की ती दारात आडवी येई. "आदी त्याच्या पाया परा. त्याच्यामुलंच तुमी जिते घरी येताव."

आणि महादेव रोज पाया पडायचा.