बांधावरची बारतोंडी

पुस्तकांत जिला आल म्हणतात, ती आमच्या वैशाखरे गावात बारतोंडी. खाचराच्या वरच्या बांधावर तिचं एकच झाड होतं. फुलं पांढरी, फळ हिरवं नि ओबडधोबड, आणि लाल रंग मात्र जमिनीखाली, मुळांच्या सालीत. त्या मुळांनी आई टोपरी रंगवायची. घरात किंवा शेजारी मूल जन्मलं, की बारशाला त्याच्या डोक्यावर आईच्या हातचं लाल टोपरं असायचंच. माझ्याही होतं म्हणे.

गेल्या मार्गशीर्षात आई शहापूरच्या दवाखान्यात होती. मी तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे संध्याकाळी तिच्याजवळ मीच बसायचे. धाकट्या भावाच्या बायकोला तेव्हा सहावा महिना होता. एकदा आई म्हणाली, "बारशाचं टोपरं आता तूच रंगव गो. मी काय उठत नाय."

"असं नको बोलूस," मी म्हणाले आणि पिशवीतून वही काढली.

"बोलायचं नाय, पन लिवायचं," ती हसली. "लिव तर. कापड तुझ्या बापाच्या जुन्या धोतराचं घे, कोरं पोराला टोचतं. आधी हिरड्याच्या पान्यात भिजव. मंग तुरटी. मंग मुळांची साल. उकळू नको, हाताला चटका बसंल इतकंच तापव."

मी चार पानं लिहिली. तिची मापं ओंजळीची नि मुठीची. ती मी वाटीत आणि चमच्यात बसवत राहिले. शेवटी ती दमली आणि डोळे मिटून म्हणाली, "झाड तेवढं जप. त्याचं काय ते तुला ठावं हाय."

मी हो म्हणाले.

मला काहीच ठाऊक नव्हतं. ती बांधावर मुळं खणायची तेव्हा मी पलीकडे पुस्तक घेऊन बसलेली असायचे. तिची कुदळ कुठे पडते हे मी एकदाही पाहिलं नाही. त्या संध्याकाळी विचारलं असतं तर तिनं दोन वाक्यांत सांगितलं असतं. पण तिला वाटत होतं की इतकी वर्षं मी बघत होते, आणि तिचं ते वाटणं मला मोडवेना.

पौषात ती गेली.

माघातल्या एका रविवारी मी कुदळ घेऊन एकटीच बांधावर गेले. झाडाच्या खालच्या अंगाला, बुंध्याजवळ, एक चपटा धोंडा होता. तो बाजूला सरकवून मी त्यावर बसले, डबा खाल्ला. धोंड्याखालची माती भुसभुशीत होती. खणायला सोपी, म्हणून तिथूनच सुरुवात केली. मुळं दोऱ्यासारखी निघाली. बारीक मुळांना रंग चांगला असतो असं मी वाचलं होतं, म्हणून सगळी काढली. ती पुरेनात, तेव्हा वळसा घालून वरच्या अंगाचीही काढली. घरी येताना मला बरं वाटत होतं. आईचं काम पार पडत होतं.

रंग नीट चढला. टोपरं शिवून झाल्यावर भावानं ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "शिवण वाकडी हाय," तो म्हणाला, "पन रंग आयचा हाय." मग तो अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

फाल्गुनात मुलगी झाली. बारशाला टोपरं तिच्या कपाळावर घसरत होतं आणि बायका ते पुन्हा पुन्हा वर करत होत्या.

चैत्रात बांधावरच्या सगळ्या झाडांना पालवी फुटली, बारतोंडीला नाही. वैशाखातही नाही. आईला दरवर्षी हिरडे आणून देणारी वरच्या वाडीतली मावशी त्या सुमारास आली, आणि मी तिला बांधावर नेलं. तिनं कोयत्याच्या टोकानं साल खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं. मग तिनं खाली पाहिलं.

"ह्यो धोंडा कुनी हलवला गो?"

"मी."

"तुझ्या आयनं ठेवलेला. ज्या अंगाचं खनलं, तिकडं धोंडा. ते अंग निजू द्यायचं. पुढच्या येळंला दुसरं अंग खनायचं."

"मी दोन्ही खणली, मावशी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "एवढी शिकलीस. एक धोंडा वाचता नाय आला?"

मावशी मग माझ्या शेजारीच बांधावर बसली. कोयता तिनं मांडीवर आडवा धरला होता. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.

परवा भावजयीनं टोपरं परत दिलं. मुलीला आता ते होत नाही. "ताई, कितींदा धुतलं, पन पान्यात रंग उतरलाच नाय," ती कौतुकानं म्हणाली.

टोपरं मी वहीजवळ ठेवलं आहे. बांधावर जाऊन धोंडा पुन्हा वाळलेल्या बुंध्याच्या खालच्या अंगाला ठेवून आले. वहीतल्या चार पानांच्या शेवटी एक ओळ घातली: धोंडा असेल त्या बाजूला खणू नये. कुठल्या झाडाच्या, ते लिहायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं.