गाऱ्हाण्यात नाव घेतलं नव्हतं

मी बीएस्सी झालेली बाई. देवाला हात जोडते, पण करणी, दृष्ट असलं कधी मानलं नाही... आजही मानते असं म्हणणार नाही. झालं ते सांगते.

२००१ सालचा मे. आरे-वारेच्या अलीकडे आमचं गाव. नवरा बोटीवर. घरात मी, सात वर्षांची सायली, आणि भिंतीपलीकडे मोठ्या जाऊबाई. एका लग्नात त्या चारचौघांत म्हणाल्या, पोरीचे डोळे बघा, नजर हटत नाही. पंधरा दिवसांत सायलीची डावी पापणी पडायला लागली. सकाळी ठणठणीत — संध्याकाळी पापणी अर्ध्यावर, आवाज नाकातून, हसली तरी ओठ वर जायचे नाहीत. सकाळच्या एसटीने रत्नागिरीला डॉक्टरांकडे न्यावं, तर तिथे पोर अगदी छान. जाऊबाई म्हणाल्या, नाटकं करते, दोन फटके द्या.

माझं डोकंच फिरलं. हिनेच नजर लावायची, वर फटके द्या म्हणायचं! नारळ घेऊन तडक देवळात गेले. आमच्याकडे मनातलं गुरवाला सांगायचं, तो देवापुढे गाऱ्हाणं घालतो. नाव घेतलं नाही, भावकीत बोभाटा नको. म्हटलं, देवाला कळतं.

"माझ्या लेकीचे हे हाल ज्याने केले, त्याचे दोन्ही डोळे मिटू देत, घास घशात अडकू दे."

गुरवाने तेच शब्द देवाला सांगितले. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! घरी येऊन जाऊबाईंच्या तोंडाकडे बघत बसले.

त्यांना काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सायलीचे दोन्ही डोळे मिटले, आणि पेजेचा घास घशात अडकला.

मुंबईच्या डॉक्टरांनी निदान केलं. म्हणाले, "बाहेरून कोणी काही केलेलं नाही. हिचं स्वतःचं शरीरच हिच्यावर उलटलंय. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही." मला गाऱ्हाण्यातले माझेच शब्द आठवले: ज्याने केले, त्याचे.

गोळ्यांनी सायली सावरली. हा आजार असाच वाढतो म्हणतात. असेल. पण नेमकं मी मागितलं तेच, आणि तिसऱ्याच दिवशी?

परतल्यावर पुन्हा देवळात गेले. सायलीचा हात धरून जाऊबाईही आल्या, मुंबईत तिच्या उशाशी त्याच बसल्या होत्या. गुरव म्हणाला, "वैनी, गाऱ्हाणं माघारी घेता येतं. पण ते कोणाला लागलं, त्याचं नाव सांगायला हवं."

जाऊबाईंच्या देखत मी माझ्या लेकीचं नाव घेतलं.