वकीलसाहेबांचं हवेशीर घर

उन्हाळ्यात हवा खायला विदर्भातल्या रखरखत्या पांढरकवड्याला येणारा मी एकच माणूस पाहिला. पुण्याचे वकील. शेजारचं घर घेऊन दरवर्षी ते कौलं बदलत, भिंती रंगवत आणि गवंड्याला "शिस्त हवी" म्हणून बजावत.

अंगणातल्या मोहाची फुलं वेचायला पहाटे एक कोलाम आदिवासी म्हातारी येई. झोपमोड होते म्हणून साहेबांनी कुंपणाची भिंत बांधली.

म्हातारी भिंतीआडून ओरडली, "घर तुमचं हाय, साहेब. मोह माह्या सासऱ्याचा हाय!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"खरं हाय," मी म्हटलं. "साऱ्या गावाले ठाऊक हाय."

वकील आता कागद मागणार, असं मला वाटलं. त्यांनी गवंडी बोलावला आणि भिंतीत दार पाडून घेतलं. "हवेसाठी," म्हणाले.

मग रोज संध्याकाळी त्या दारातून मोहाची एक बाटली आत येऊ लागली. पहाटे म्हातारी गाणी म्हणत फुलं वेची. साहेबांची झोप काही मोडत नसे.