रिटायर झाल्यावर जाऊ

नोकरीत असताना किस्से भरपूर घडतात, पण ते सांगायला फुरसत कुणाला असते? रिटायर झाल्यावर फुरसत मिळते, आणि मग कळतं की आता घडणारे सगळे किस्से घरातलेच आहेत, अन् बहुतेकांत वेडे आपणच ठरलोय.

आम्ही तिघं सुरतेतल्या लिंबायतच्या एका मराठी शाळेतले मास्तर. पाटील सर हेडमास्तर होते, बोरसे सर गणिताचे, मी मराठीचा. रोज सकाळी बागेत भेटतो. बायका फेऱ्या मारतात, आम्ही बाकावर बसतो. तिघांनीही बायकोला आयुष्यभर एकच आश्वासन दिलेलं: "रिटायर झाल्यावर जाऊ." माझ्या शैलाने बत्तीस वर्षांत दुसरं काही मागितलं नाही. दोघांनीच कुठेतरी फिरायला जायचं, लग्नकार्याला नाही, नातेवाइकांकडे नाही, एवढंच. मी दर वेळी तेच उत्तर द्यायचो. आता त्याची लाज वाटते.

* * *

पाटील सरांना रिटायर होऊन आठवडा झाला नाही, तोच त्यांनी घराचं टाइमटेबल बनवून फ्रिजवर चिकटवलं. सात वाजता चहा, साडेआठला भाजी निवडणे, सव्वानऊला फोडणी! वहिनींनी चष्मा लावून ते नीट वाचलं. मग लाल पेन मागितलं, खाली कोपऱ्यात "पाहिले" असं लिहून सही केली आणि सरांना दूध आणायला पाठवलं.

सर अजून रोज दूध आणतात. टाइमटेबलही तसंच आहे, त्यावर आता गॅसवाल्याचा नंबर लिहिलाय.

* * *

बोरसे सर मूळचे धुळ्याकडचे. दर मे महिन्यात गाडी पकडायची, गावी जायचं, जूनमध्ये परत यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. रिटायर झाल्यावर मुलाने हौसेने दोघांचं उदयपूरचं बुकिंग करून दिलं. वहिनींनी सवयीने भाकरी, ठेचा बांधून घेतला, आणि सुरतेच्या चार साड्याही घेतल्या, द्यायला.

हॉटेलच्या खोलीत सामान ठेवलं. वहिनी गॅलरीत गेल्या, तळं पाहिलं, आत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या, "आठे तं कोनीच वळखीनं नई. मंग आपन उनूत कोनाकडे?" म्हणजे, मग आपण आलो तरी कुणाकडे?

बोरसे सर हा किस्सा हसत सांगतात. एकदा मात्र सांगता सांगता मध्येच थांबले. म्हणाले, "तिला कधी नुसतं फिरायला नेलंच नाही हो मी."

* * *

आता माझं. रिटायर झाल्यावर मी पहिल्यांदाच शैलाबरोबर भाजीला गेलो. ती भाजीवालीशी घडाघडा गुजराती बोलत होती. मी थक्क झालो. विचारलं, "हे कधी शिकलीस?"

"तुम्ही शाळेत असायचा तेव्हा."

भाजीवाली तिला वीस वर्षं ओळखते. माझ्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "बेन, आ भाई कोण?"

शैला वांगी निवडत म्हणाली, "घरना छे. रिटायर थया, एटले हवे देखाय छे." म्हणजे घरचाच, रिटायर झालो, म्हणून आता दिसतो! भाजीवाली खूप हसली. मीही हसलो, पण पिशवी घेऊन चालताना वाईट वाटत होतं.

* * *

शेवटी गेल्या हिवाळ्यात मी शैलाला म्हटलं, "चल, सापुताऱ्याला जाऊ." पण तेही दोघांनीच नाही, बागेतल्या सगळ्या मंडळींची बस निघत होती, तिच्यातून. शाळेची सहल मी तीस वर्षं सांभाळलेली, म्हणून पाटील सरांनी मोजणी माझ्याकडे दिली. मी जुन्या सवयीने वहीत यादी केली. अडतीस नावं.

संध्याकाळी परत निघताना दारात उभा राहून एकेकाला मोजलं. बरोबर अडतीस. "चला," म्हणालो आणि मास्तर नेहमी बसतो तसा पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसलो.

घाटाची तीन वळणं उतरल्यावर मागून बोरसे वहिनींनी विचारलं, "शैलाताई कोठे शे?"

मी वही उघडली. सहलीच्या यादीत मास्तर स्वतःचं नाव घालत नाही, घरच्यांचं तर नाहीच. मी तिचं नाव लिहिलंच नव्हतं. तिला फोन लावला, तर तिचा फोन माझ्याच पिशवीत वाजला.

बस वळवली. तळ्याकाठच्या बाकावर शैला भाजलेलं कणीस खात बसली होती. ना घाबरलेली, ना रागावलेली. मी धापा टाकत समोर जाऊन उभा राहिलो.

तिने बाजूला सरकून मला जागा केली.

"दरवर्षी तुमची सहल परत यायची वाट घरात बसून बघायचे," ती म्हणाली. "आज इथे बसून बघितली. इथून बरं वाटतं."