क्रेसेन्सियोच्या कबरीवरचं तण

एर्मेलिंदाला कधीही विचारा, कशी आहेस? उत्तर ठरलेलं: "दमलेय." सकाळी दमलेली, चर्चमध्ये दमलेली, लग्नात नाचतानाही दमलेली. तिची धाकटी मी बाप्तिस्म्याला हातावर घेतली, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे, म्हणजे बहिणीहून जवळच्या. त्यामुळे हे रडगाणं वीस वर्षं मीच ऐकलं.

नवरा क्रेसेन्सियो गेला तेव्हा मधमाश्यांच्या अकरा पेट्या होत्या. मक्यात तेव्हा अकावाल नावाचं तण माजायचं: पुरुषभर उंच, पिवळ्या फुलांचं, दोन पावसांवर तगणारं. माश्या त्यावरच कोरड्या महिन्यांची बेगमी करायच्या. मग सगळ्यांनी तणनाशक मारायला सुरुवात केली. मीही मारलं, कोण वाकून खुरपत बसणार? पेट्या उरल्या तीन. यंदा फुलं मिळाली नाहीत तर त्याही फेब्रुवारी बघणार नाहीत, असं ती म्हणायची.

म्हणून ती बिस्किटाच्या डब्यात अकावालाचं बी राखून जूनमध्ये पेरायची. परसात पेरलं, शेळ्यांनी खाल्लं. रस्त्याकडेला पेरलं, गावाच्या श्रमदानात कापलं गेलं.

"आता कुठे पेरशील, माझ्या डोक्यावर?" मी विचारलं.

"जिथे कोणी हात लावत नाही तिथे. सोड, दमलेय."

मी पुढे विचारलं नाही.

ऑक्टोबर संपताना आमचं सगळं गाव कबरी साफ करतं. नोव्हेंबर लागला की मेलेली माणसं एका रात्रीसाठी घरी यायची असतात. जो तो आपलीच कबर बघतो, दुसऱ्याच्या कबरीला हात लावायची रीत नाही. मी आईची कबर धुतली आणि बघते तर काय, क्रेसेन्सियोची कबरच दिसेना! अकावालाचं रान माजलेलं. बायका कुजबुजत होत्या, "बिचाऱ्याला घरी यायला वाटही ठेवली नाही हिने!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तिच्या दुखऱ्या गुडघ्यांची कीवही आली. कोमाद्रेला तेवढा हक्क असतोच. दुपारपर्यंत एकूण एक झाड उपटलं. माश्या डोक्याभोवती घोंघावत होत्या, त्यांना शालीने हाकललं. ढीग पेटवूनही दिला.

संध्याकाळी ती पाण्याची बादली घेऊन आली.

"बघ, कशी लख्ख केली!" मी म्हणाले.

तिने बादली खाली ठेवली. "पेरलेलं होतं गं, कोमाद्रे."

मी तिच्यापुढे हात जोडले. "शिव्या दे मला. ओरड तरी!"

"हात बघ तुझे, किती सोलवटलेत," ती म्हणाली आणि बादलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं. मग कबरीच्या कडेला बसली. "दमलेय." वीस वर्षांत पहिल्यांदा मला ते खरं वाटलं.

हिवाळाभर मी तिच्या माश्यांना साखरेचं पाणी पाजलं. तरी दोन पेट्या गेल्या, एक तगली.

डब्याच्या तळाशी मूठभर बी होतं. जूनमध्ये ते मी मागून घेतलं आणि माझ्या आईच्या कबरीवर पेरलं. आता ऑक्टोबरच्या शेवटी आईची कबर दिसत नाही, नुसत्या माश्या घोंघावतात, आणि बायका मला ऐकवतात, "काय गं ओब्दुलिया, आईला विसरलीस वाटतं?"

मी म्हणते, "दमलेय."